पाव चमचा सोडा

माझ्या कादंबरीतली थोरली जाऊ कुणालाही पाककृती देताना त्यातला एक जिन्नस गाळते. या एका गोष्टीवर मी तीनशे दहा पानं लिहिली. पुस्तकाचं नाव 'गाळलेला जिन्नस'. नाव ऐकूनच प्रकाशक इतका खूश झाला, की हस्तलिखित वाचायच्या आधीच त्याने मुखपृष्ठ करायला दिलं.

पुस्तक वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या तोंडावर यायचं होतं. त्या दिवसांत घरोघरी ओव्हन तापलेले असतात, हे हेरून त्याने प्रकाशनासाठी एक टूम काढली. भाषणबाजी नको. वाचकांनी आपापल्या घरच्या सुट्टीतल्या कुकीज डब्यातून आणायच्या आणि सोबत पाककृतीचं कार्ड. पुस्तकांच्या दुकानात एक दोरी बांधायची, तिला सगळी कार्डं चिमट्यांनी लावायची. ज्याला जी आवडेल ती त्याने उतरवून घ्यायची.

"आणि पहिलं कार्ड तुमचं," तो म्हणाला. "कादंबरीतल्याच कुकीजचं. मूळ चिठ्ठी आहे का हो तुमच्याकडे? तिचाच फोटो छापू. लोकांना खरं काहीतरी बघायला आवडतं."

मूळ चिठ्ठी होती माझ्याकडे. बावीस वर्षं जपून ठेवली होती, पुरावा म्हणून.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. सासूबाईंच्या ऑफिसातल्या चौघी मैत्रिणी दुपारी चहाला येणार होत्या आणि मी नव्या सुनेच्या उत्साहात जाहीर करून टाकलं, बिस्किटं मी करीन. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला ओव्हन लावता येत होता आणि बंद करता येत होता, मधलं काही येत नव्हतं. थोरल्या जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. त्या औषधांच्या दुकानात काम करतात, तेव्हाही करत होत्या. त्यांच्या हातची आल्याची बिस्किटं घरात सगळ्यांची लाडकी. कामावर निघता निघता, एका पायात चप्पल घालून, त्यांनी मला दुकानाच्या अरुंद बिलाच्या कागदावर कृती लिहून दिली. चष्मा कपाळावर चढवला, "लक्षात राहील ना?" म्हणाल्या आणि गेल्या.

मी चिठ्ठीबरहुकूम सगळं केलं. ओव्हनमधून बाहेर आले ते फरशीचे तुकडे. चौघींपैकी एकीने बिस्किट चहात बुडवलं, बराच वेळ धरलं, मग हळूच बशीच्या कडेला ठेवून दिलं. दुसरीने दाताला हात लावला. सासूबाई पाहुण्यांसमोर काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला पुरला. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांचा आवाज चढला तेव्हा मी बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून उभी होते. आणि वहिनींचं बोलणं मी स्वच्छ ऐकलं.

"चूक माझी आहे. सोडा लिहायचा माझ्याकडून राहिला."

राहिला म्हणे. जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजते आणि एका गोळीची चूक करत नाही, तिच्याकडून सोडा राहतो? मी मनाशी गाठ मारली: राहिला नाही, गाळला. नवी जाऊ चार दिवसांत आपल्या बिस्किटांचं कौतुक पळवेल म्हणून गाळला. मी कधी विचारलं नाही, भांडले नाही. उलट त्यांच्याशी जरा जास्तच गोड वागत राहिले, वाढदिवस विसरले नाही, दुखलंखुपलं विचारत राहिले. आणि बावीस वर्षांनी सगळी मळमळ कागदावर ओकले. कपाळावरचा चष्मा, "लक्षात राहील ना?", सगळं जसंच्या तसं. नाव तेवढं बदललं.

वहिनी वाचतील ही भीती नव्हती. त्या औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची माहिती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, पण कादंबऱ्यांच्या वाटेला जात नाहीत. त्या भरवशावर मी आणखी एक निलाजरेपणा केला. प्रकाशनासाठी दोनशे बिस्किटं लागणार होती. ती करायला मी त्यांनाच सांगितलं.

"अगं, करते की," त्या म्हणाल्या. "लेखिकाबाईंचं काम म्हणजे आमचंच काम." त्यांनी दोन दिवस रजा टाकली आणि दुकानातल्या एकूण एक माणसाला का टाकली ते सांगितलं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीचा फोन आला. कार्डंही तीच करत होती.

"मॅडम, चिठ्ठी स्कॅन केली. मागची बाजूही घ्यायची ना?"

"मागे काय आहे?"

"मागे पण कृतीच आहे." ती वाचू लागली. "खाण्याचा सोडा पाव चमचा, दोन चमचे कोमट दुधात विरघळवून शेवटी घालणे. पीठ अर्धा तास गार जागी ठेवणे, मगच लाटणे. पुढच्या बाजूला खाली कोपऱ्यात बाण काढलाय बघा, त्यावरून मी उलटून पाहिलं."

बाण मला पाठ होता. कादंबरीत त्याचं वर्णनसुद्धा केलं होतं: 'चिठ्ठीच्या शेवटी तिने तोऱ्यात एक फटकारा ओढला.' औषधांच्या त्या दुकानात ही रोजची पद्धत आहे. पुढे औषधांची नावं, खाली कोपऱ्यात बाण, मागे ती कशी घ्यायची ते. मी स्वतः तिथून खोकल्याचं औषध आणलंय, ताप उतरायच्या गोळ्या आणल्यात, कागद उलटून वाचलाय. पानं लिहिण्यात जन्म घालवलेल्या बाईला एक पान उलटायचं सुचलं नव्हतं.

"फोटो नको," मी म्हटलं. "साध्या टाइपात छापा. दोन्ही बाजूंचं सलग."

"पण अक्षर इतकं सुंदर आहे त्यांचं—"

"नको म्हटलं ना."

तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. तिने काय केलं होतं? कागद उलटला होता.

पुस्तकं छापून, बांधून, गठ्ठ्यांनी दुकानात पोचली होती. त्या चार दिवसांत मी पळवाटा शोधल्या आणि एक सापडली. वहिनींनी स्वतःच तर कबूल केलं होतं की राहिला! म्हणजे मागे लिहिल्याचं त्याही विसरल्या असणार. म्हणजे निम्मी चूक त्यांची. हा निम्मा वाटा मी छातीशी धरून बसले. तरीही रात्री ताट अर्धं तसंच सरकवलं, आणि नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, कार्यक्रमाचं टेन्शन.

कार्यक्रम दुपारी चारला होता. कपाटं भिंतीकडे सरकवून माणसांना जागा केली होती. दोरीवर पन्नास-साठ कार्डं लटकत होती, काहींवर लोण्याचे डाग होते. लांब टेबलावर वाचकांचे डबे आणि टोकाला वहिनींचे तीन ट्रे. वहिनी इस्त्रीचे कपडे घालून टेबलामागे उभ्या होत्या, चष्मा कपाळावर. येणाऱ्याला ओळख करून देत होत्या, "मी लेखिकेची थोरली जाऊ." दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या.

उतारा वाचायला रेडिओवर निवेदन करणारी एक बाई आली होती. आवाज असा, की बाजारहाटाची यादी वाचली तरी ऐकत राहावं.

"सातवं प्रकरण घेतलंय मी," ती मला म्हणाली. "जावेचं."

मी घाईने म्हटलं, "दुसरं एखादं घेतलं तर? तिसऱ्यात पावसाचं—"

"छे, हे ऐकून लोक लोळतील बघा."

प्रकाशक माझ्याकडे बघत होता. पुस्तक माझं, कार्यक्रम माझा. मी नको म्हटलं असतं तर तिथे कोण काय बोलणार होतं? मी "बरं" म्हटलं. खरं सांगायचं तर त्या आवाजात माझी वाक्यं ऐकायची मला हौस होती. ही गोष्ट लिहिताना सगळ्यात जड हे वाक्य गेलं.

तिने वाचायला सुरुवात केली आणि लोक खरंच लोळले. जाऊ कपाळावर चष्मा चढवून पाककृती सांगते, मधाचं बोट लावत सांगते, आणि सांगता सांगता सोडा अलगद पदराआड करते. माझी वाक्यं चांगली होती, ती धारदार होती, प्रत्येक ठिकाणी हशा होता. "लक्षात राहील ना?" या वाक्याला निवेदिकेने असा सूर लावला, की मागच्या रांगेतून टाळ्या आल्या.

मी टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलंच. वहिनींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला होता आणि तो दोन्ही हातांत धरून त्या उभ्या होत्या. हसणाऱ्यांबरोबर थोडं हसतही होत्या, पाहुण्यांकडे गेल्यावर न कळलेल्या विनोदाला हसतात तसं. पण त्यांना कळलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. ती घेत नाही. आपल्याला तिथेच, पहिल्या रांगेत, हसऱ्या तोंडाने बसून राहावं लागतं.

वाचन संपल्यावर गर्दी टेबलाकडे गेली. जो तो बिस्किट उचलताना तोच विनोद करत होता.

"काय हो, यात काही गाळलं नाही ना?"

"नाही, सगळं आहे," वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या. "सोडा दुधात विरघळवून शेवटी घाला. पीठ अर्धा तास गार ठेवा, मगच लाटा." दुकानात औषध देताना सांगतात त्याच आवाजात, त्याच सावकाशीने. चाळीस-पन्नास जणांना सांगितलं असेल.

मग प्रकाशकाने माझ्या हातात माइक दिला. एका वाचक बाईंनी विचारलं, "अशी जाऊ खरंच आहे का तुमच्या घरात?"

सगळे हसून वाट बघू लागले. मनात आलं, सांगून टाकावं. चार वाक्यांचं काम होतं. स्कॅन होऊन परत आलेली चिठ्ठी पर्समध्ये होती, हात वर करून दाखवली असती तरी पुरे होतं.

"छे हो," मी म्हटलं, "सगळं कल्पनेतलं आहे."

माइकमुळे माझा आवाज टेबलापर्यंत गेला.

साडेसहापर्यंत दुकान रिकामं झालं. मागच्या बाजूला एक छोटी मोरी होती, तिथे वहिनी ट्रे धूत होत्या. मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले, फडक्याचं काय करायचं ते न सुचून. मग पर्समधून पुस्तक काढलं आणि त्यातून चिठ्ठी. सातव्या प्रकरणात खूण म्हणून ठेवलेली होती.

"वहिनी, ही तुमची चिठ्ठी. तेव्हाची. मी मागे पाहिलंच नव्हतं. चार दिवसांपूर्वी कळलं."

त्यांनी हात पुसून ती घेतली, उलटसुलट केली. "माझं अक्षर तेव्हा बरं होतं," म्हणाल्या. मग चिठ्ठी परत दिली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी आले तर ओट्यावर पडली होती आणि सोड्याची डबी फोडलेलीच नव्हती."

"मग सासूबाईंना का म्हणालात तुमच्याकडून राहिला म्हणून?"

"त्या फार चिडल्या होत्या गं. चारचौघींत शोभा झाली म्हणत होत्या. तुला येऊन दोन महिने झालेले, मला दहा वर्षं. मला बोलल्या असत्या तर माझं काय वाईट होणार होतं? तुझ्या मात्र ते कायमचं डोक्यावर बसलं असतं."

माझा निम्मा वाटा गेला. काहीच उरलं नाही हातात.

"मला एका शब्दाने बोलला नाहीत," मी म्हटलं. तेवढंच सुचलं, आणि तेही तक्रारीसारखं निघालं.

"बोलायचं काय? तू पॅसेजमध्येच होतीस की. दाराखालून पाय दिसत होते तुझे. म्हटलं, ऐकलंय हिने." त्यांनी नळ बंद केला. "आणि नंतर तू माझ्याशी किती चांगली वागत आलीस. माझा वाढदिवस माझ्या मुलांच्या लक्षात नसतो, तुझ्या असतो. मला वाटायचं, तुला ठाऊक आहे."

मी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. माफी मागायची होती. पण कशाकशाची मागायची? सोड्याची, पुस्तकाची, की बावीस वर्षांतल्या त्या शुभेच्छांची, ज्यांतली एकही खरी नव्हती?

तेवढ्यात प्रकाशकाने दारातून डोकं घातलं. "मॅडम, इथल्या सगळ्या प्रती गेल्या. दुसऱ्या आवृत्तीचं उद्याच बोलू." आणि वहिनींना म्हणाला, "बिस्किटं फर्स्ट क्लास होती हं." तो गेला.

"अभिनंदन," वहिनी म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या, हे मला सहन होईना. "एखादी प्रत ठेवलीस का गं माझ्यासाठी? दुकानात सगळ्यांना सांगून बसलेय, वाचायला आणते म्हणून."

प्रत माझ्या काखेत होती. आत्ताच त्यांच्या देखत मी त्यातून चिठ्ठी काढली होती.

"नाही हो," मी म्हटलं, "संपल्या."

त्यांनी एकदा माझ्या काखेकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन ट्रे पुसू लागल्या.