संयमाची चांदणी

शहापूरच्या प्रशिक्षणातून जयश्रीबाई नवं वेड घेऊन आल्या. मुलांचं नुसतं गणित-भाषा तपासायचं नाही, स्वभावही मोजायचा! उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरच्या एकखोली शाळेत त्यांनी हौसेनं तक्ता टांगला. मैत्री, मदत, संयम असे रकाने आणि चांगलं वागेल त्याला लाल कागदाची चांदणी. दिवाळीपर्यंत वर्गातली रडारड बंद झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा तर बाईंचे पाय जमिनीला लागेनात.

संयमाच्या रकान्यात ठमी सगळ्यांच्या पुढे होती. तिसरीतली पोर, मजुरीला जाणाऱ्या ठकूची लेक. तिच्यासारखं बसा, असं बाई उठता-बसता इतरांना सांगायच्या.

त्या दिवशी संयमाची परीक्षा होती. दहा मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. ठमी पोत्याच्या बसकरावर ताठ बसली. जरा वेळानं तिच्या कपाळावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले. बाईंना कौतुकच वाटलं. वेळ संपली, चांदणी घ्यायला ठमी उठली आणि तिथेच कोसळली. बसकराखाली लाल विंचू होता.

पोरीला उचलून बाई हमरस्त्यापर्यंत धावल्या आणि जीप थांबवून कसाऱ्याला डॉक्टरांकडे पोचल्या. चावून किती वेळ झाला, असं डॉक्टरांनी विचारलं. समोर बसून बाईंनीच एकेक मिनिट मोजलं होतं.

ठमीनं डोळे किलकिले केले. "बाय, मी हलली नाय ना?"

पोर वाचली. पण त्या प्रश्नानं बाई हादरल्या त्या हादरल्याच. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच त्यांनी विचारलं, कुणाला काही दुखतंय का? एकही हात वर झाला नाही. बाईंना ते खरं वाटेना. त्या एकेकाला जवळ घेऊन बघू लागल्या. मंगळूची टाच सुजून टम्म झाली होती, आत काटा मोडलेला.

"कधीपासून रे?"

"चार दिस झालं."

"मग बोलला का नाहीस?"

मंगळूनं तक्त्याकडे पाहिलं. "बोललो तं चांदनी जाईल ना, बाय."

बाईंना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी तक्ता उतरवून फाडला, मंगळूचा पाय मांडीवर घेतला आणि सुईनं काटा काढायला बसल्या. "दुखलं तर रड हं, बाळा. मोठ्यानं रड."

सुई आत गेली. मंगळूच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण रिकाम्या भिंतीकडे बघत तो ओठ घट्ट मिटून बसला.