दुखण्याला मार्क किती

मास्तरांनी आयुष्यात कुणालाही दहापैकी दहा दिले नाहीत. तंत्रशाळेत ते सुतारकाम शिकवत. पोरांनी जोडलेला सांधा ते आधी खिडकीशी उजेडात धरत, मग त्यात कागदाचा कपटा सारून पाहत. कपटा शिरला तर मार्क गेले. नाही शिरला तर मास्तर आणखी पातळ कागद शोधायला जात. उत्तमातल्या उत्तम कामाला साडेपाच मिळत, म्हणून शाळेत त्यांचं नावच साडेपाच पडलं होतं. ते त्यांच्या कानावर होतं आणि त्यांची तक्रार नव्हती. एका पोराला त्यांनी एकदा सात दिले होते. पुढे वर्षभर त्यांना वाटत राहिलं की आपला हात जरा सैलच सुटला.

घरातही माप तेच. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, काहीही केलं तरी मास्तरांचं उत्तर एकच, "बरं आहे." बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. नोकरीमुळे त्यांना दुसऱ्यांचं बोलणं मध्येच तोडायची सवय लागली होती, पण तोडायला समोरचा बोलायला तर हवा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ओळखलं की जन्मभर या 'बरं आहे'वरच भागवावं लागणार, आणि त्या भागवत आल्या.

अशा माणसाची पाठ गेली. जड फळी उचलताना मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं, ते अगदी व्यवस्थित झालं असं सगळ्यांनी सांगितलं, आणि दुखणं मात्र जागचं हललं नाही. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत जायची, तापलेली तार ओढावी तशी. मास्तर उभ्यानं जेवू लागले. पलंगावर आडवं होता येईना म्हणून बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीत अर्धवट टेकून रात्री काढू लागले. नोकरी मुदतीआधीच सोडली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, मालिश झालं, ज्याला त्याला ठाऊक असलेला रामबाण उपायही झाला.

"आज कसं आहे?" बाई रोज विचारत.

"बरं आहे."

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून दोघं एका डॉक्टरकडे गेले. ही डॉक्टर फक्त जुनाट दुखणीच बघायची. वयानं तशी तरुण होती, पण रुग्णाकडे बघायची घाई करत नव्हती.

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सगळ्यात वाईट," तिनं समजावलं. "तुम्ही किती द्याल?"

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरून, उभ्या उभ्या, नीट विचार केला. "चार."

"चारच? मग आलात कशाला?"

"दुखतंय म्हणून."

डॉक्टरनं चार लिहून घेतले. एवढ्याशा चार मार्कांसाठी कुणी मोठा उपाय काढत नाही. पण तिनं पाठीचे जुने फोटो पाहिले, पाय तपासला, आणि आल्यापासून हा गृहस्थ खुर्चीला धरून उभा आहे, बसलेला नाही, हेही पाहिलं. मग तिनं उपाय सांगितला. मणक्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या मागे, दोन बारीक तारा सरकवायच्या आणि त्यांतून अगदी सौम्य वीज सोडायची. मूळ बिघाड असतो तसाच राहतो, पण पायाकडून मेंदूकडे निघालेली त्याची बोंब वाटेतच दबते.

"म्हणजे लाइन बिझी ठेवायची," बाई म्हणाल्या.

"जवळपास तसंच," डॉक्टर म्हणाली. "आधी आमचे समुपदेशक तुमच्याशी बोलतील, मग एक आठवडा चाचणी. तारा आत, पेटी बाहेर पट्ट्याला. दुखणं निदान निम्म्यानं उतरलं तर बॅटरी कायमची कातडीखाली बसवू. नाही उतरलं तर तारा काढून घ्यायच्या."

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

"मग माझ्याकडे फारसं काही उरत नाही."

तारा घालताना मास्तरांना पालथं झोपवलं, पण जागं ठेवलं, कारण मुंग्या कुठे येतात ते त्यांनीच सांगायचं होतं. यंत्राच्या कंपनीची एक मुलगी हातातल्या टॅब्लेटवर बोट फिरवत विचारत होती.

"कुठे जाणवतंय?"

"मांडीच्या बाहेरच्या अंगाला. दुखतं तिथून दोन बोटं पुढे."

"आता?"

"अर्धं बोट मागे घ्या."

इतकं नेमकं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, असं मुलगी म्हणाली. "तुमचंही काम बरं आहे," मास्तर म्हणाले. केवढी शाबासकी मिळाली हे त्या बिचारीला कळलं नाही.

घरी जाताना सूचना मिळाल्या. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, काही उचलायचं नाही, अंघोळ करायची नाही. अंघोळीचं मास्तरांना वाईट वाटलं. बाकीच्या गोष्टी सोडून त्यांना बराच काळ लोटला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंना जाग आली ती खुर्चीची करकर ऐकू येत नव्हती म्हणून. मास्तर शेजारी पलंगावर होते. बाईंनी घाबरून त्यांच्या नाकाशी हात नेला. श्वास चालू होता. घोरणंही चालू होतं, पण घाबरलेल्या माणसाला ते जरा उशिरा ऐकू येतं.

मास्तर टेबलाशी बसून जेवले. कोपऱ्यावरच्या दुकानातून चालत जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले. पुढच्या दिवशी ते दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदा आणण्यासारखं काही नसल्यामुळे हात हलवत परत आले. एका दुपारी मागच्या खोलीतून खरखर ऐकू आली. बाई जाऊन बघतात तर मास्तर बाकाशी ताठ उभे राहून एका पट्टीवर हलकेच रंधा फिरवत होते. बाई दारातच थांबल्या. कसं वाटतंय असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण विचारलं की उत्तर काय मिळणार हे माहीत होतं. आनंदावर पाणी कशाला पाडून घ्या, म्हणून त्या मुकाट्यानं परतल्या.

आठवडा संपला. तपासणीच्या खोलीत डॉक्टर होती, टॅब्लेटवाली मुलगी होती, आणि बाई तर निकाल आपलाच असल्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. मास्तरही चक्क बसले होते.

"आता किती द्याल?" डॉक्टरनं विचारलं.

"तीन."

मुलीचं बोट काचेवर थबकलं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. पुन्हा तीनच आले.

"आधी चार होते, मास्तर. निम्मे म्हणजे दोन."

"तेवढं गणित येतं मला."

"तीन असतील तर चाचणी फसली असं धरावं लागेल. तारा काढायच्या आणि विषय संपवायचा."

"काढा. नियम तो नियम," मास्तर म्हणाले. पट्ट्याच्या पेटीवर ठेवलेला हात मात्र त्यांनी काढला नाही.

"नियमाची ऐशीतैशी!" बाई उसळल्या. "अहो, आठवडाभर पलंगावर झोपलात. बसून जेवलात. काही आणायचं नसताना दुकानात जाऊन आलात! त्याला एक मार्क?"

"एक मार्क म्हणजे काय थोडा झाला? एका मार्कासाठी पोरं वर्षभर रंधा मारायची."

"मग आधीचे चार वाढवा."

"लागलेला निकाल मी बदलत नाही."

बाई डॉक्टरकडे वळल्या. "यांचे चार म्हणजे चारचौघांचे नऊ. हवं तर मी लिहून देते."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण दुखणं त्यांचं आहे, त्यांच्याच तोंडून यायला हवं." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "मास्तर, निकाल राहू द्या. पेपर कसा तपासलात तेवढं सांगा. तुमच्या हिशेबी दहा म्हणजे काय?"

हे मास्तरांना रास्त वाटलं. तपासण्याची पद्धत कुणी विचारली तर ती सांगायलाच हवी.

"दहा म्हणजे," ते म्हणाले, "रात्री डोळे मिटताना वाटावं, उद्या जाग आली नाही तर बरं."

"आणि तुम्हाला असं कधी वाटलं?"

"रोजच."

बाईंनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं.

"मग चारच का दिलेत?" डॉक्टरनं हळू आवाजात विचारलं.

"रोज जाग येत होती," मास्तर म्हणाले. "म्हणून सहा कापले."

"आमच्या समुपदेशकांना हे का नाही सांगितलंत? त्यांनी विचारलं असेल."

"त्यांनी विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का. करावंसं वाटत नव्हतं. आपलं आपण झालं तर बरं, एवढंच वाटायचं."

"आणि या आठवड्यात?"

मास्तरांनी याचाही नीट विचार केला. "एकदाही नाही. उलट पहाटे जाग आली की वाटायचं, उजाडायला एवढा वेळ का लावतात."

डॉक्टरनं पेन उचललं. "तुमचा निकाल तुमच्यापाशी ठेवा. माझा मी वेगळा लावते. या तारा आज निघतील, जखम भरली की कायमच्या घालू. आणि त्याआधी समुपदेशकांकडे पुन्हा जायचं. आज मला सांगितलंत तसंच त्यांना सांगायचं."

तारा काढायची तयारी होईपर्यंत दोघं बाहेर बाकावर थांबले. पलीकडे एक माणूस ओल्या फडक्यानं फरशी पुसत होता. बाई बराच वेळ त्याच्याकडेच बघत होत्या.

"रोज विचारायचे मी," त्या म्हणाल्या. "रोज."

"हो."

"भिंतीपलीकडे झोपलेली असायचे. आणि अलीकडे तुम्ही असलं काही मनात आणत बसायचात. आणि सकाळी मला म्हणायचात, बरं आहे."

"तुला सांगून काय झालं असतं? पाठ तर माझी."

"मला कळलं असतं."

मास्तरांनी यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. बाईंचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. त्यांना राग आला होता, आणि मास्तर इथे शेजारी बसलेले आहेत याचा एवढा आनंद झाला होता की रागावता धड येत नव्हतं.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "आकडा नको. बोलून सांगा कसं होतं ते."

दार किलकिलं करून नर्सनं मास्तरांना आत बोलावलं. त्यांनी तिला हातानंच थांबायची खूण केली.

"फार दुखत होतं गं," ते म्हणाले. "फार."