कपाटातला कीबोर्ड

मित्रांनो, आधी हात पाठीमागे घ्या, मगच बोलतो. मी एक जुना मदरबोर्ड आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली हिरवी पाटी. माझ्या कडेला एक गोल भोक आहे, त्यात कीबोर्डची वायर बसते. त्या भोकापायी दोन जावांचं चांगलं चाललेलं काम मोडायला आलं होतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लखलखीत होतो. तिथून थेट या भरतकामाच्या खोलीत आलो. मी नक्षी पाठवायची आणि शेजारच्या मशीनने ती कापडावर शिवायची. नव्या कॉम्प्युटरचं ते मशीन अजिबात ऐकत नाही, म्हणून माझा मान मोठा. थोरली जाऊ रोज धूळ पुसायची आणि म्हणायची, "आमचा म्हातारा गुणाचा आहे हो!" मी मनात म्हणायचो, एवढं गोड बोलतेय, काहीतरी काम असणार.

थोरलीचा स्वभाव माझ्यासारखाच संशयी. धाकटी आपल्या नक्ष्या बाहेर देते, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. पुरावा? कसला आलाय पुरावा! धाकटी फोनवर हळू बोलायची, एवढंच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत थोरली माझी वायर उपसायची आणि कीबोर्ड कपाटात ठेवून कुलूप लावायची. कीबोर्डशिवाय माझ्यातली नक्षी कोण काढून नेणार? मशीन शिवत असायचं, त्यामुळे मी चालूच. जेवून आली की वायर परत खुपसायची. धाकटी हे सगळं बघायची आणि आपला डबा घेऊन एकटीच जिन्यात जाऊन बसायची.

एका दुपारी थोरलीने वायर खुपसली आणि माझ्या अंगात चट्‌कन काहीतरी झालं. एकही बटण चालेना. मला बंद करून पुन्हा चालू केलं, तर पडद्यावर अक्षरं आली: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी बटण दाबा. आता कीबोर्डच नाही तर दाबायचं काय, कपाळ?

"तूच काहीतरी केलंस," थोरली म्हणाली.

"मी? तुम्ही मला हात तरी लावू देता का, ताई?" धाकटीला रडू फुटलं. "एकदा हे दुरुस्त होऊ दे, मग मी नाही यायची."

खरं सांगू? मलाही धाकटीचाच संशय होता. चहाचा कप ती नेहमी माझ्याजवळ ठेवायची.

दुरुस्तीवाली आली. तिच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर बघून माझी पाचावर धारण बसली. हिचा डोळा माझ्या चिपांवर आहे, मी लगेच ओळखलं. तिने स्वतःचा कीबोर्ड लावला, त्याचेही दिवे लागेनात. भिंग घेऊन तिने माझे सांधे तपासले. ते ठणठणीत होते. मग मीटर लावला, तर भोकात वीजच येत नव्हती.

"भोकाशेजारचा फ्यूज उडालाय," ती म्हणाली. "कॉम्प्युटर चालू असताना कीबोर्डची वायर काढता-घालता का हो कुणी?"

धाकटीला बोलता आलं असतं. ती खाली बघत राहिली.

"मी," थोरली म्हणाली. "रोज. हिच्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून."

नवा फ्यूज बसला, कीबोर्डचे दिवे लुकलुकले. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली, पण खांद्यावरची पर्स काही काढेना. जेवायची वेळ झाली. थोरलीचा हात सवयीने माझ्या वायरीकडे आला. झालं, पुन्हा तेच, मी धसकलोच. हात वायरीपाशी थांबला. मग तिने कपाटाची किल्ली धाकटीच्या हातात दिली आणि दोघींचे डबे उचलले.

"चल गं, जिन्यात बसू."

"पायऱ्या गार असतात, ताई."

"माहीत नव्हतं मला," थोरली म्हणाली आणि बसायला चादर घेऊन निघाली. धाकटीने पर्स माझ्याशेजारी ठेवली.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच: वायर काढायची तर आधी मला बंद करा. माझा फ्यूज बदलून मिळाला. पण गार पायऱ्यांवर एकटीने काढलेल्या दुपारी धाकटीला कोण बदलून देणार? म्हणून कुणावर संशय आला, तर कुलूप आणण्याआधी त्यालाच एकदा विचारा.

आणि ते हात पुन्हा पुढे का आले? पुसायलाच ना? बरं, पुसा मग. हळू.