हाताला सोसेल इतकंच पाणी

लवू सुट्टीवर आला त्याला महिना होत आला, तरी त्याच्या ट्रंकेतून निघालेला काळा गोळा कशाचा, ते मिऱ्या गावात कुणाला धड उमगलं नव्हतं. असोल्या नारळाहून मोठा, सात किलो वजनाचा, गुळगुळीत, आणि एका अंगाला तीन भोकं. शेजारचा बाबल्या तर रोज दगडी गडग्यावरून मान काढून विचारायचा, "लवूशेट, रत्नदुर्गावरची तोफ आली काय रे मागनं? गोळा तर पोचला!"

लवू हसायचा. बहारीनला एका क्लबात तो असे साठ-सत्तर बॉल सांभाळायचा. भोकांत बोटं अडकवून बॉल लाकडी पट्टीवरून घरंगळत सोडायचा आणि टोकाला उभे केलेले दहा खुंटे पाडायचे, असा तो खेळ. पट्टीला तेल असतं, ते बॉलला लागतं. ते पुसायचं, बॉल धुवायचा, पत्र्याच्या डब्यातलं उग्र वासाचं पातळ, म्हणजे थिनर, लावून चमकवायचा. मग डोळे मिटून बोटं फिरवायची. डोळ्याला न दिसणारा ओरखडा बोटाला कळतो. तो घासून, भरून सारखा करायचा. सहा वर्षं लवूचं पोट या बोटांवर चाललं होतं.

दीड वर्षापूर्वी बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. आधी पायांची. चालताना चप्पल मागे राहायची आणि लवू चार पावलं पुढे जाऊन खाली बघायचा. मग हातांची. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण एका बॉलच्या भोकाच्या कडेला राहिलेली धार त्याच्या बोटाला कळली नाही आणि क्लबाच्या एका मेंबराचा अंगठा कापला. लवूचा मुकादम धाकू देवरूखचा, आपल्याच मुलखातला, म्हणून बोभाटा झाला नाही. धाकूनं त्याला सुट्टीवर पाठवलं आणि बाद झालेला एक बॉल बरोबर दिला.

"ह्याच्यावर सात ओरखडे आहेत," तो म्हणाला. "घरी आराम कर, सकस खा. डोळे मिटून सातही लागले तर ये. साहेब पहिल्याच दिवशी तुझा हात बघणाराय. नाही लागले तर उगाच विमानात बसू नको."

लवूला चार लागत होते. कधी तीन. परत जायला अकरा दिवस उरले होते.

त्या सकाळी तो बाजारातून आला तर त्याचे वडील, आप्पा, पडवीत बसले होते, मांडीवर बॉल आणि शेजारी उंडीच्या तेलाची वाटी. म्हाताऱ्याचा सारा जन्म होडीवर गेलेला. जी वस्तू जपायची तिला उंडीचं तेल पाजायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आप्पा, काय केलंत हे?"

"अरे, कोरडा पडलेला किती! चरे पडलेत त्याच्यावर. पाच दिवस चोळतोय मी तू बाहेर गेलास की. बघ आता कसा पितोय."

"आमचं सगळं काम तेल काढायचं आणि तुम्ही घालताय."

"मग तुमच्या साहेबाला काय कळतंय? सुकं ठेवलं की तडकतं, बाबा. होडी काय नि गोळा काय."

लवूला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट, म्हणजे तेल होतं म्हणून ओरखडे लागत नव्हते, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा बरं वाटलं. दोन दिवस तो या बरं वाटण्यावर राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको सगुणा म्हणाली, "मग काढा की ते तेल. कशाला थांबलाय?"

त्यानं बॉल दोराच्या जाळीत घालून विहिरीच्या पाण्यात खळबळून काढला. मागच्या अंगणात चूल पेटवून तिच्यावर मोठं भगुणं चढवलं. पाणी तापलं की भगुणं उतरवायचं, त्यात बॉल बुडवायचा. आत मुरलेलं तेल सुटून वर येतं. यात एकच नेम. पाणी हाताला सोसेल इतकंच हवं. त्याहून गरम झालं तर बॉल टिकत नाही. क्लबात थर्मामीटर नव्हता, हातच होता.

लवूनं भगुणं उतरवलं आणि हात घातला. सोसलं. बादलीतलं विसणाचं गार पाणी त्यानं ओतलं नाही. बॉल हळूच आत सोडला आणि दोन्ही हातांनी फिरवू लागला. पिवळट तवंग वर आला. तेल सुटत होतं.

"अहो!" सगुणा ओरडली. "हात काढा! वाफा बघा केवढ्या!"

लवूनं हात वर घेतले. मनगटापर्यंत लालबुंद. त्याच वेळी पाण्यात टक्क असा आवाज झाला.

सगुणानं त्याचे हात विहिरीच्या पाण्यात धरले. भगुण्यातलं पाणी निवल्यावर तिनंच बॉल बाहेर काढून पायरीवर ठेवला, पुसला. लवूनं डोळे मिटले आणि बोटं फिरवली.

"चिरला का?" त्यानं विचारलं.

"चिरलाय."

"कुठं?"

तिनं चिरेत नख घालून पाहिलं. मग म्हणाली, "भोकापासून खालपर्यंत. माझं नख जातंय त्याच्यात."

"अगो, पण कुठं?"

"तुमचं बोट त्याच्यावरच आहे."

लवूनं डोळे उघडले. होतं खरं. त्यानं बोट तसंच ठेवलं आणि जरा वेळ बघत राहिला, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

संध्याकाळी हातांना फडकी बांधलेली, म्हणून पत्र सगुणानं लिहिलं. आप्पा ऐकत बसले होते. लवू सांगत गेला, भावाला पाऊसपाणी कळवावं तशा आवाजात.

"धाकूदादास नमस्कार. लिही. ओरखडे चारच लागले. मी येत नाही. माझ्या जागी माणूस घे."

सगुणाचा हात थांबला. "एवढंच?"

"नाही. पुढं लिही. त्या पत्र्याच्या डब्यातलं पातळ पोरांना उघड्या हातानं लावू देऊ नको. खिडक्या उघड. त्यानंच माझी बोटं बधिर झाली असं मला नक्की माहीत नाही. पण माझ्या आधी तिथं होता तो गोवेकर, त्याच्या पायातल्या चपलाही मागं राहायच्या. तेव्हा आपण हसलो होतो."

आप्पांनी डिंकाची बाटली सगुणापुढं सरकवली.

"लिहिलं?" लवूनं विचारलं.

"लिहिलं."

"मग चिकटव. उद्याच्या टपालात जायला हवं."