कोटाची डावी बाजू

खुंटीवर

नत्थूजींचा निळा कोट टांगलेला होता आणि त्याची डावी बाजू खाली उतरली होती.

रक्षाला ते दिसलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेनं. लेकीच्या नजरेला अजून धड काही दिसत नव्हतं. बाबांची तेरवी कालच आटोपली होती. पण नालवाडीत तिचं मशीन होतं, सावंगीच्या मेडिकलची पोरं-पोरी तिच्याकडून पांढरे एप्रन शिवून नेत, आणि एका बाजूनं ओढलेलं कापड दिसलं की तिचा हात आपोआप तिकडे जाई. वजन असल्याशिवाय कापड ओढलं जात नाही. तिनं खिसे पाहिले. अस्तर चाचपलं. काही नव्हतं. कोट दोन्ही खांद्यांवर सारखा करून तिनं परत टांगला.

सकाळी डावी बाजू पुन्हा उतरलेली.

"माय, या कोटात काई ठेवलं होतं का बाबानं?"

"काई नाई."

"मंग इकडून काऊन लोंबून राह्यला?"

सुलोचनाबाई चहा गाळत होत्या. त्यांनी एक कप लेकीपुढे ठेवला, एक स्वतःपुढे. तिसरा खुंटीखालच्या स्टुलावर.

"त्याइले विचार," त्या म्हणाल्या.

छातीवर

तीन ठिकाणी बारीक भोकं होती. त्या भोकांची गोष्ट अशी.

नत्थूजी फौजेत ट्रक चालवत. पासष्टच्या लढाईत होते, एकाहत्तरच्या लढाईत होते. दोन्ही वेळा मेडल मंजूर झाली, रंगीत फिती हातात पडल्या, आणि मेडल मागाहून येतील असं कळलं. मागाहून म्हणजे कधी, हे कळायचं राहून गेलं. अडुसष्ट साली ते सुट्टीवर आले तर घरात पोरगी झालेली. यायच्या मेडलांपैकी एकाचं नाव होतं रक्षा. त्यांनी तेच पोरीला ठेवलं. "ते येईन तवा येईन. हे तं आलं," असं म्हणून पोरीला डोक्याच्या वर उचललं आणि गल्लीभर फिरवून आणलं. पुढे ती शाळेत जायला लागली, फ्रॉक सोडून साडी नेसायला लागली, तरी पाहुण्यांसमोर ओळख तीच: "हे माह्यं पासष्टचं मेडल."

सत्त्याण्णव साली, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, शाळेनं झेंड्याला माजी सैनिकांना बोलावलं. नत्थूजींनी हा निळा कोट शिवून घेतला. कामठीला गेले आणि छावणीजवळच्या एका दुकानातून तशीच तीन मेडल विकत घेऊन आले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. खरी येईपर्यंत फौजेतले कितीतरी जण तसंच करतात. पण गावाला ते कुठून ठाऊक? झेंडावंदन झालं, बुंदीचे लाडू वाटले गेले, आणि डोमाजी, जे दोनदा सरपंच होते आणि ज्यांना गप्प बसणं कधी जमलं नाही, ते पुढे येऊन मेडलांना बोट लावत म्हणाले, "बजारातले ना हे, नत्थूजी? सुटे भेटतेत का दर्जनानं घ्या लागते?"

सगळे हसले. नत्थूजीही हसले.

परत येताना ते पुढे, रक्षा मागे. वाटेत त्यांनी मेडल काढली आणि मुठीत धरली. चालताना मूठ हलायची.

खण्.

खण्.

खण्.

नाल्याच्या पुलावर ते थांबले नाहीत. नुसता हात कठड्याबाहेर गेल्यासारखा वाटला. पुलाच्या पलीकडे आवाज नव्हता आणि मूठ उघडी होती. त्या दिवसापासून कोट खुंटीवर गेला आणि नत्थूजींनी परत कधी तो

अंगावर

घातला नाही. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. त्या दिवसांत टीव्हीवर सीमेवरून येणाऱ्या शहिदांच्या पेट्या दाखवत. ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकत पडून असत. एकदा त्यांनी सुलोचनाबाईंना जवळ बोलावलं.

"खरे आले का मले सांगजो. तोवर कोट तिथंच राहू दे."

तापातलं बोलणं. दुसऱ्या कोणी हो म्हणून सोडून दिलं असतं. सुलोचनाबाईंनी सोडलं नाही. त्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं आणि त्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ते गेले, कोट तिथंच राहिला. सकाळी त्याच्यावरून हात फिरायचा, चहाचा कप खाली ठेवला जायचा, गार झाला की तुळशीत ओतला जायचा. आणि भरदुपारी, गाव उन्हानं चिडीचूप असताना, वारा नसताना, खुंटीकडून आवाज यायचा.

खण्.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा रक्षाला वाटलं, मायच्या बांगड्या. माय समोर झोपली होती, दोन्ही हात उशीखाली.

डोळ्यांत

सुलोचनाबाईंच्या मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्यानं माणूस ढगासारखं दिसे, दुसऱ्यानं तेवढंही नाही. सावंगीच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या: लवकर करा, फार पिकू देऊ नका, मग हाती काही राहणार नाही. रक्षा महिन्यात दोनदा नालवाडीहून देवळीच्या रस्त्यावरच्या माहेरच्या गावात जायची आणि तेच तेच बोलून परत यायची.

"चाल ना माय. चार रोजाचा सवाल आहे."

"मी तिकडं गेली अन् मागून ते आले त? त्याइले सांगन कोण?"

"कोण येते माय? मेडल का पायानं चालत येते?"

"मेडलचं नाई म्हनत मी."

रक्षाचा नवरा गजेंद्र ऑटो चालवायचा. तो दारातून ओरडला, "मामीजी, कोटालेही घ्या सोबत! त्याची सवारी फुकट!"

"घरात नाई तर दारात तरी तोंड बंद ठेवत जा, जावईबापू," सुलोचनाबाई म्हणाल्या.

पण गजेंद्रच्या चेष्टेतून रक्षाला युक्ती सुचली. पुढच्या खेपेला तिनं धुवायच्या निमित्तानं कोट उचललाच. कोट आला की माय मागोमाग येईल. एस.टी.त तिनं तो शेजारच्या सीटवर ठेवला, कारण मांडीवर तो फार जड लागत होता. गाडी वर्ध्यापर्यंत गच्च भरत गेली. दांड्याला माणसं लटकली होती, बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. कोटाच्या जागेवर कोणी बसलं नाही. सरकवा, असंही कोणी म्हणालं नाही.

त्याच संध्याकाळी सुलोचनाबाई भिंती चाचपत नालवाडीला हजर झाल्या. पाणीही प्यायल्या नाहीत. कोट हातावर घेतला आणि परतीच्या गाडीनं निघून गेल्या.

म्हणजे मेडल आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मायचे डोळे आणि ती तीन मेडल, यांची एक शर्यत लागली होती आणि ती फक्त रक्षाला दिसत होती.

दारात

मधुकरराव उभे. निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांचे अर्ज फुकट लिहून देणं हा त्यांचा म्हातारपणचा छंद. मेडलांसाठीचा रक्षाचा अर्जही त्यांनीच लिहिला होता, फौजेचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला जोडून दूरच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला होता. दर वेळी विचारलं की म्हणायचे, "चाललंय पोरी. फौज पायी निघाली तरी पोचते."

दोन हजार दोनच्या पोळ्यानंतर ते रक्षासोबत एस.टी.नं गावात आले. अंगात ब्लेझर, डाव्या छातीवर स्वतःची मेडल, हातात पुठ्ठ्याचा लहानसा डबा.

"वहिनी, घ्या. आले."

सुलोचनाबाईंनी आधी हात धुतले. मग एकेक मेडल डोळ्यांशी नेलं. मग डोळ्यांचा नाद सोडला आणि गोल मेडलाची कड अंगठ्यानं चाचपली.

"इथं खरखर लागते. काय आहे?"

"बाबाचा नंबर. अन् नाव."

"वाच."

रक्षानं मोठ्यानं वाचलं. नवऱ्याचं नाव कानावर पडताच सुलोचनाबाईंनी सवयीनं पदर डोक्यावर ओढला.

"अन् हे कोणतं?"

"रक्षा," मधुकरराव म्हणाले.

"अं?" रक्षा म्हणाली.

क्षणभर तिघांनाही कळलं नाही. मग मधुकरराव हसले, सुलोचनाबाई हसल्या, आणि रक्षा हसता हसता एकदम थांबली, कारण डोक्याच्या वर उचललं गेल्याचं तिला आठवलं. ते आठवणं शक्य नव्हतं. ती तेव्हा तान्ही होती.

ती उठली. खुंटीपाशी गेली. जुनी भोकं बोटानं शोधली, पहिल्या मेडलची पिन उघडली, टोक भोकाला लावलं.

"ठैर पोरी," मधुकरराव म्हणाले. "कोटाले नाई लावत."

"काऊन?"

"रिवाज आहे फौजेचा. डावीकडं तो लावते ज्यानं कमावले. तो गेला का मंग घरचं माणूस लावते. ते उजवीकडं."

"अन् कोटाले?"

"कोट कोण आहे?" मधुकररावांनी साधेपणानं विचारलं.

तीन उन्हाळे त्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रक्षानंही नाही, गजेंद्रनं चेष्टेतही नाही. स्टुलावर सकाळचा कप तसाच होता, वर साय धरलेली.

"म्हंजे ते नाईत," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मधुकरराव आपल्या बुटांकडे पाहू लागले.

सुलोचनाबाई उठल्या. डाव्या खांद्यावरून पदर पडलेला, उजवी बाजू मोकळी. रक्षानंच शिवलेला ब्लाउज होता.

"लाव."

"तुले, माय?"

"मंग कोणाले? घरचं माणूस म्हनून राह्यले ना ते."

रक्षानं तिन्ही मेडल ओळीनं लावली. सुलोचनाबाई हात पुढे धरून चालत गेल्या आणि कोटाच्या अगदी समोर, वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या. समोरासमोर उभं राहिलं की एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. त्यांची तीन मेडल त्याच्या तीन भोकांसमोर आली.

"पाहा," त्या कोटाला म्हणाल्या. "आले. खरे आहेत. कडेले नाव आहे तुमचं."

खण्.

या वेळी आवाज कुठून आला ते सगळ्यांना दिसलं. सुलोचनाबाईंचा श्वास वरखाली होत होता.

रक्षानं मात्र कोटाकडे पाहिलं. दोन्ही खांदे एका रेषेत होते. नुसतं कापड, खुंटीवर टांगलेलं.

उजवीकडे

ऑपरेशन झालं. सुलोचनाबाई मेडल लावूनच सावंगीला आल्या; आत नेताना नर्सनं ती काढून रक्षाच्या हातात दिली. बाहेरच्या बाकावर रक्षा मूठ घट्ट आवळून बसली, एकदाही हलू न देता.

दिवाळीच्या आधी ती मायला नवा ब्लाउज शिवायला गावी गेली. मेडल डब्यात, डबा कपाटात होता. सुलोचनाबाई दारात उभ्या राहून समोरच्या घराच्या कौलांवरची शेवाळ लेकीला दाखवत होत्या. दिसायला लागल्यापासून त्यांना सारखं काही ना काही दाखवायचं असे.

"तो कोट पाय ना. किती जुनाट झाला. मले वाटे नवाच आहे. घेऊन जा बावा, कोणाच्या कामी येईन."

स्टुलावर कप नव्हता.

"सरळ उभी राय माय. माप घेऊ दे."

"सरळच त उभी आहो."

रक्षानं पट्टी लावली. पुन्हा लावली. मायच्या मागे जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. उजवा खांदा खाली उतरला होता. थोडासाच, शिवणारीलाच दिसेल असा. अंगावर मेडल नसतानाही.

"काय झालं?"

"काई नाई," रक्षा म्हणाली, आणि कापडावर उजव्या खांद्याची खूण वेगळी केली.

परतताना तिनं कोट घडी करून पिशवीत घातला होता. एस.टी.त पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. पुढच्याच थांब्यावर एक बाई पोराला घेऊन चढली, सरळ तिच्यापाशी आली.

"ओ बाई, कोणी आहे का इथं?"

रक्षानं खिडकीबाहेर पाहिलं. नाल्याचा पूल येत होता.

"नाई," ती म्हणाली आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिला काही वजन लागलं नाही.