झुंबर जास्वंदीचं बोंड

सोसायटीत झुंबर जास्वंद एकट्या शकूकडे होती आणि तिची फांदी तिनं कुणाला दिली नव्हती. म्हणून शेजारच्या आनंदीच्या गॅलरीत तसंच झालरीचं, पण दुप्पट मोठं फूल लोंबताना दिसलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"फांदी चोरलीस ना गं माझी?"

"फांदी कशाला? माझ्या साध्या जास्वंदीला बोंड धरलं, त्यातलं बी लावलं. तुझ्याकडचा पराग शिंजीर पक्ष्यानं आणला. त्याला दम द्यायचा राहिला वाटतं!"

शकू जळफळत घरी आली. बोंडं झाडाची ताकद खातात म्हणून ती दरवर्षी खुडून टाकायची. आज एकच हिरवं बोंड उरलेलं दिसलं. पिकल्यावर बी सांडायला नको, असं ठरवून तिनं त्यावर मलमलची पिशवी बांधली आणि आनंदीला दिसू नये म्हणून कुंडी भिंतीकडे फिरवली.