टिटवीच्या अंगणात ठोकलेला तंबू

हो, हो, मीच बोलतोय. कपाटावर बघा, जुन्या गाद्यांखाली लांबट निळी पिशवी दिसतेय ना, तिच्यात घडी होऊन पडलेला तंबू मी. लग्नाच्या मांडवाएवढा मोठा समजू नका हं. आम्ही आपले तीन माणसं दाटीवाटीनं झोपतील एवढेच. पण मिजास विचाराल तर मांडववाल्यांना खाली बघायला लावील अशी होती. होती म्हणतो, कारण आता ती उरलेली नाही.

माझा जन्म एका शिलाई कारखान्यातला. तिथून सोलापुरातल्या एका दुकानात आलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो. लोक यायचे, माझी चेन वर-खाली करून बघायचे, पोरं आत शिरून लपाछपी खेळायची, आणि शेवटी सगळे चादर घेऊन जायचे. सोलापूरच ते!

मला घेतलं धनाजीनं. जवळच्या कुंभारी गावात राहणारा, विजेच्या तारांवर काम करणारा वायरमन. जात धनगराची. त्याचे वडील मेंढरं घेऊन माळामाळानं फिरायचे, धनाजीचं लहानपण त्या मेंढरांमागंच उघड्यावर गेलं. आता मेंढरं नाहीत, वडीलही नाहीत. आभाळाखाली वाढलेल्या माणसानं झोपायला कापडाचं छप्पर विकत घ्यावं, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. कारण कळलं तेव्हा मात्र हसू आटलं.

कारण होती त्याची बायको, पूनम. तिला सहावा महिना होता. आदल्या वर्षी पाचव्याच महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. त्या दिवशी घरावरून एक टिटवी ओरडत गेली, आणि धनाजीची आई मायाक्का दुःखाच्या भरात बोलून गेली, "टिटवी उगंच न्हाय वरडत. ह्या सुनंचा पायगुणच वंगाळ." एकदाच बोलली बिचारी. पण तोंडातून सुटलेला शब्द, तो काय परत गिळता येतो? आळीनं तो उचलला. पूनमनं उंबरा ओलांडणं सोडलं. या खेपेला डॉक्टरच म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हिला जरा बाहेर न्या, मन मोकळं होऊ द्या. म्हणून धनाजीनं एका रात्रीच्या मुक्कामाचा बेत केला.

मे महिना होता. आम्ही नान्नजच्या बाजूला गेलो, माळढोकाच्या अभयारण्यालगत. तिथं एका शेतकऱ्यानं आपल्या पडीक रानात मुक्कामाची सोय केली होती. ऊन उतरल्यावर नवरा-बायको आणि मायाक्का अशी तिघं सावकाश पायी फिरली. वाळलेल्या गवतात काळविटांचा कळप उभा होता. एका नरानं जी उडी मारली म्हणता! पूनम लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत हसली. मायाक्काला तर कुठं बघू अन् कुठं नको असं झालेलं. "हितं तुजा सासरा भाकरी खाऊन घोरायचा," ती सुनेला दाखवत होती, "आन मेंढरं जायची लोकांच्या रानात. लई शिव्या खाल्ल्या बग आमी."

शेतकऱ्यानं चुन्याची रेघ मारून जागा आखून दिली होती. "रेघंच्या आतच तंबू मारा, पावणं," तो म्हणाला. "पल्याड पाखरांची अंडी असत्यात."

आत दोन कुटुंबं आधीच उतरलेली, मोबाईलवर गाणी ढणाढणा लावून. धनाजी वैतागला. "मला माळ शिकवतोय!" तो पुटपुटला. "मी हितंच रांगलोय." रेघेपलीकडे एक बोरीचं झाड होतं. त्याच्या वडलांची मेंढरं तिथंच बसायची. अंधारून येत होतं, म्हणून त्यानं घाईघाईनं तिथं मला पसरलं, खुंट्या ठोकल्या आणि कमरेवर हात ठेवून मोठ्या तोऱ्यात उभा राहिला. तोऱ्यात तर मीही होतो. पहिलाच मुक्काम माझा!

इतक्यात टिटवी आली. टिटिव-टिव, टिटिव-टिव करत आमच्या डोक्यावरून झेपा टाकायला लागली.

मायाक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "मेली हितंबी आली! धना, हाकल तिला. पोटुशी बाई हाय आपल्यात."

अहो, उभा जन्म माळावर काढलेली बाई ही! टिटवी भुईवर अंडी घालते, कुणी जवळ आलं की जिवाच्या आकांतानं ओरडते, हे तिला ठाऊक नव्हतं म्हणता? अशी टिटवी ओरडली म्हणून तिनंच कैकदा मेंढरं बाजूनं वळवली असतील. पण सुनेच्या पोटाची धास्ती अशी बसलेली, की तिला पाखरू दिसलंच नाही. दिसला तो अपशकुन.

धनाजीनं ढेकळं मारली. टिटवी हटेना. मग त्यानं दगड उचलले. शेवटी ती लांब जाऊन उभी राहिली.

आणि मला कळून चुकलं होतं. माझ्या तळाखाली चार खडे होते. माळाचे बाकीचे दगड निवत चालले, हे चार मात्र कोमटच. मी काय करणार? मला ना तोंड, ना हात. वाऱ्यावर फडफडलो, तर धनाजीनं माझ्या दोऱ्या आणखी ताणून बांधल्या.

जेवणं झाली. पूनम आडवी झाली आणि म्हणाली, "अवं, हितं पाठीला कायतरी टोचतंय."

"खडा असंल. सरक जरा." धनाजीनं टाच उचलली आणि दोनदा दाणकन हाणली. कच्च असा आवाज झाला. "बसला बग आत," तो खुशीत म्हणाला. पूनम तिथंच पाठ टेकून झोपली. खाली माझा तळ ओला झाला होता.

सकाळी धनाजीनं मला उचललं आणि त्याचे हात तिथंच थांबले. दोन अंडी धड होती. दोन फुटली होती. त्यांत नुसता बलक असता तर एक वेळ चाललं असतं. आत पिल्लं होती, डोळे उमटलेली, काडीएवढे पाय फुटलेली.

धनाजीनं आपल्या टाचेकडं पाहिलं. मग चटकन पायानं माती ओढायला लागला. तोवर मायाक्का मागं येऊन उभी. तिनं त्याचा दंड धरला. "झाकू नगं," म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

पूनम तांब्या घेऊन आली. तिनं पाहिलं. रडली नाही. हात तेवढा पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

"मला खडा वाटला गं," धनाजी म्हणाला. "देवाशपथ, खडाच वाटला."

लांबवर टिटवी उभी होती. आता ओरडतही नव्हती. पूनम तिच्याकडं बघत सासूला म्हणाली, "आत्या, आता हिलाबी म्हनतील का वो, हिचाच पायगुण वंगाळ म्हनून?"

मायाक्कानं पदरात तोंड खुपसलं. मग टिटवीकडं वळून तिनं हात जोडले. "चुकलं गं बाई माजं. तू लेकरांसाटी रडत हुतीस, आन म्या तुलाच बोल लावला." बोलली ती पाखराला, पण बोलता बोलता तिनं हात धरला तो सुनेचा. पूनमनं तो सोडवून घेतला नाही. धरलाही नाही.

तिघं चुन्याच्या रेघेच्या आत जाऊन बसली. मी धनाजीच्या काखेत, अर्धाच गुंडाळलेला. ऊन तापायला लागलं. उघड्यावरची ती दोन अंडी आता भाजून निघणार, हे मायाक्काला कळत होतं. ती ओठ हलवत नुसती बिरोबाचं नाव घेत होती. टिटवी आली. परत उडाली. पुन्हा आली, चार पावलं चालली, थांबली. फुटलेल्या अंड्यांपाशी मान वाकवून उभी राहिली. आणि मग उरलेल्या दोन अंड्यांवर जाऊन बसली. तेव्हा कुठं पूनमनं प्यायला पाणी मागितलं.

घरी आल्यावर धनाजीनं मला गच्चीवर घासघासून धुतलं. डाग गेला. तरी तो घासतच होता.

आता पूनमला नववा लागलाय. संध्याकाळी कुंभारीच्या रानातून टिटवी ओरडत जाते, तेव्हा घरात सगळ्यांचे हात थांबतात. पूर्वी मायाक्का थुंकायची, बोटं मोडायची. आता दारात जाऊन वर बघते. "आयकलं गं बाई, आयकलं," म्हणते, "कुनी येत न्हाय तुज्या लेकरांकडं." परवा पूनम उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

धनाजीचे मित्र मला मागायला येतात. तो मान खाली घालून सांगतो, "फाटलाय."

खोटं आहे ते. मी फाटलेलो नाही, धनाजीराव. मला कोंडून तुमच्या टाचेखालचा तो आवाज जाणार आहे का? द्या मला कुणालाही. फक्त देताना आपल्या तोंडानं सांगा, की टिटवी ओरडली तर दगड उचलू नका, तंबू उचला.